डिपॉझिट परत करणाऱ्या टीचर

टीचरांच्या घरी साखर उसनी मिळत नसे. मागितली तर वाटीभर मिळायची, पण "उद्या आणून देते हं" असं कुणी म्हटलं की त्या पुढे केलेला हात तसाच मागे घ्यायच्या. "आणून द्यायची असेल तर दुकानात जा. माझ्याकडून नेतेस तर चहा करून पिऊन टाक." द्यायचं तर देऊन टाकायचं, नाहीतर द्यायचं नाही. उसनं घेणं-देणं त्यांच्या घरात बंद होतं, आणि ते का बंद होतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही दोघं विरारच्या अलीकडे गिरीज गावात त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी अंधेरीला एका औषध कंपनीच्या ऑफिसात होते, माझे मिस्टर लोअर परळला. टीचर एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. चर्चच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं मराठी आणि गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सारं गाव त्यांना टीचरच म्हणायचं, त्यामुळे आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते लाइटच्या बिलावर.

त्या बिलावरही लाल पेनने काहीतरी लिहिलेलं होतं. टीचरांच्या हातात छापील कागद आला की लाल पेन उघडायचंच. ग्रामपंचायतीची नोटीस असो, लग्नाची पत्रिका असो, चर्चच्या फलकावरची सूचना असो, त्या ऱ्हस्व-दीर्घ तपासायच्या, वाक्य कुठे अडखळतंय तिथे खूण करायच्या आणि खाली दहापैकी गुण द्यायच्या. नुसतं एवढं करून थांबत नसत, तो कागद ज्याचा त्याला परतही पाठवायच्या. गावातल्या एका घरी लग्नाच्या शंभर पत्रिका वाटून झाल्यावर टीचरांकडून एक परत आली, दहापैकी चार गुण घेऊन. पुढच्या लग्नाच्या वेळी त्या घरचा माणूस पत्रिका छापायच्या आधीच टीचरांकडे आला. तेव्हा साडेआठ मिळाले.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या सायकल चालवायच्या. साडीचा काष्टा वगैरे काही नाही, साधी पाचवारी, आणि पुढच्या करंडीत केळ्यांच्या फण्या घेऊन माणिकपूरच्या बाजारापर्यंत. रिक्षावाले त्यांना वाट द्यायचे, कारण टीचर वाट देत नसत.

भाडं एक तारखेला द्यायचं. दिलं की पावती मिळायची आणि पावतीवर शेरा. "वेळेवर." एकदा पगार उशिरा झाला म्हणून मी तीन तारखेला दिलं, तर "दोन दिवस उशीर. कारण सांगितले. ग्राह्य." मिस्टर हसले होते. मी हसले नाही, कारण उशीर या शब्दाचीच मला तेव्हा भीती होती.

लग्नाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. माझे वडील आजारी पडले. त्या काळात स्टेशनाबाहेर छत्री लावून, टाय घातलेली मुलं क्रेडिट कार्ड वाटत बसायची. एका सहीवर मलाही मिळालं होतं. वडिलांना हॉस्पिटलात दाखल करताना काउंटरवर पैसे मागितले तेव्हा मी ते कार्ड खिडकीतून आत सरकवलं. औषधांना सरकवलं, तपासण्यांना सरकवलं. बावीस हजार झाले. वडील गेले, आणि त्याच सुमारास माझी पहिली नोकरीही गेली. काही महिने मी थोडे थोडे भरले, मग भरणं थांबलं. फोन यायला लागले तेव्हा मी नंबर बदलला, मग लग्न झालं, पत्ता बदलला. मिस्टरांना मी काही सांगितलं नाही. सुरुवातीला लाज वाटली म्हणून, नंतर इतके दिवस सांगितलं नाही याची लाज वाटली म्हणून.

मग विरारला एक फ्लॅट बघितला. एकट्या मिस्टरांच्या पगारावर कर्ज बसेना, म्हणून माझं नाव जोडून अर्ज केला. पंधरा दिवसांनी बँकेने अर्ज परत केला. साहेब म्हणाले, तुमच्या मिसेसच्या नावावर जुनी थकबाकी दिसते. मिस्टर त्या साहेबांशी भांडून आले. "नावाचा घोळ केलाय त्यांनी. ही कुणाचं बुडवणारी आहे का?" हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्या बाजूने म्हटलं. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दोन माणसं वाडीच्या फाटकाशी आली. मिस्टर कामावर गेले होते. टीचर केळीला पाणी सोडत होत्या.

"मॅडम आहेत का घरी?" त्यांच्यातल्या एकाने माझं नाव घेतलं. "बोलवा जरा बाहेर. बँकेचे पैसे खाऊन बसल्यात. नवीन पत्ता शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली."

मी दाराआड उभी होते. टीचरांनी पाण्याची नळी खाली ठेवली. "तुमचं ओळखपत्र?" त्याने दाखवलं. "पत्र आहे का काही लेखी?" त्याने दिलं. टीचर पायरीवर बसल्या आणि पत्र वाचायला लागल्या. संपूर्ण वाचलं. मग कमरेच्या पिशवीतून लाल पेन निघालं.

"'सदर रक्कम त्वरीत भरावे.' रक्कम भरावे? रक्कम भरावी. आणि त्वरित ऱ्हस्व."

"ओ मावशी, आम्हाला ते काय सांगता—"

"टीचर म्हण. इथे लिहिलंय व्याजासकट एक्केचाळीस हजार थकवले, तू फाटकात ओरडून सांगितलंस पैसे खाल्ले. कुठला शब्द बरोबर? थकवले आणि खाल्ले यात फरक आहे. परत येशील तेव्हा सकाळी दहा ते सायंकाळी पाच यायचं, आवाज खाली ठेवायचा. आता पाणी प्या."

ते खरोखरच पाणी प्यायले. जाताना एकाने दबक्या आवाजात टीचरांना सांगितलं, अठरा हजार एकरकमी दिले तर प्रकरण मिटवून टाकू.

टीचर माझ्या दाराशी आल्या. मी रडायच्या बेतात होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, त्यामुळे रडू आलं नाही.

"मिस्टरांना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग आधी ते. उद्या चर्चमधून, मिस्सेहून मी येईन तोवर सांगून झालेलं पाहिजे. पैशाचं नंतर बघू."

संध्याकाळी मी सांगितलं. सगळं, पहिल्या सहीपासून. मिस्टर ऐकून उठले. स्कूटर काढली आणि निघून गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा हातात पिशवी होती, पिशवीत बोंबील. अर्नाळ्याला जाऊन नुसते किनाऱ्यावर बसले होते म्हणाले, उठताना समोर कोळीण होती म्हणून घेतले. ते स्वतःच साफ करायला बसले. पाठमोरेच म्हणाले, "वडलांसाठी केलंस. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. पण मी बँकेत जाऊन त्या माणसाशी भांडलो गं. तू भांडू दिलंस."

मी शेजारी बसून साफ केलेले बोंबील धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी टीचर आल्या. मिस्टर अवघडून म्हणाले, "टीचर, अठरा हजारांत मिटत असेल तर आम्ही कुठून तरी उभे करतो. तुमच्याकडून जर..."

"उसने? माझ्याकडे नाहीत," टीचर म्हणाल्या. होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "आणि मिटवायचं नाही. मिटवलं की कागदावर तसंच लिहितात, मिटवलं म्हणून. अर्धा पेपर सोडवून उठलं की निकालपत्रावर दिसतं ते. पूर्ण भर. हप्ते पाड, पण पूर्ण भर आणि काही बाकी नाही असं पत्र घे."

हे त्यांना कसं माहीत, असं मला वाटलं. नंतर कळलं की शनिवारीच, ती माणसं गेल्यावर लगेच, टीचर सायकलवरून माणिकपूरला जाऊन एका बँकेच्या साहेबांसमोर तासभर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडून सगळं समजावून घेतलं होतं. साहेब वैतागले असतील. पण टीचरांना समजेपर्यंत उठायची सवय नव्हती.

माझ्या दोन बांगड्या गेल्या, मिस्टरांचा बोनस गेला. पाच हप्त्यांत एक्केचाळीस हजार भरले. पत्र आलं. टीचरांनी त्यात दोन चुका काढल्या आणि पत्र जपून ठेवायला सांगितलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पुन्हा अर्ज केला, पुन्हा परत आला. मुंबईहून पोस्टाने माझ्या कर्जांच्या इतिहासाचा अहवाल मागवला होता, तो मी टीचरांपुढे टाकला. "बघा. भरूनही काही उपयोग नाही. माझं नाव खराबच राहणार."

त्यांनी चष्मा लावला. महिन्यांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात किती दिवस थकलं तो आकडा. बराच वेळ त्या बोटाने एकेक चौकोन सरकत गेल्या आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, ही तर हजेरी आहे! तू हुशार आहेस का, श्रीमंत आहेस का, हे विचारलेलंच नाही कुठे. दर महिन्याला वेळेवर आलीस का, एवढंच. मध्ये गैरहजर होतीस ते पुसता येत नाही. आता यायला लाग. पुढचे चौकोन भर."

"पण यायला कुठे देतात? मला कोण देणार आता कार्ड?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. बँकेत मुदत ठेव ठेवायची. ती तारण धरून बँक कार्ड देते, ठेवीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. आपले पैसे त्यांच्याकडे अडकलेले असतात, त्यामुळे जुनं काही त्यांना फारसं बघायचं नसतं. पण वापरायचं मात्र खऱ्या कार्डासारखं, बिल भरायचं खऱ्या बिलासारखं, आणि हजेरी लागते खरीखुरी.

"ठेवीला पैसे कुठून आणू, टीचर? आताच तर सगळं संपलं."

त्या उठून आपल्या घरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात जाड पाकीट होतं. वर त्यांच्या अक्षरात आमची नावं आणि आम्ही राहायला आलो ती तारीख. आम्ही भाड्यापोटी ठेवलेलं पंचवीस हजारांचं डिपॉझिट. त्यांनी ते खर्चलं तर नव्हतंच, बहुतेक त्याच नोटा होत्या.

"हे काय? आम्हाला खोली सोडायला सांगताय?"

"कशाला सोडायची? हे तुमचंच आहे. माझ्या कपाटात पडून राहून काय करतंय? याची ठेव कर."

"आणि तुम्हाला तारण?"

टीचरांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "रोज दिसतेस की मला," म्हणाल्या.

पंचवीस हजारांच्या ठेवीवर वीस हजार मर्यादेचं कार्ड आलं. टीचरांचे नियम माझ्या फ्रिजवर चिकटले. मर्यादेच्या तिसऱ्या भागाच्या वर कधी जायचं नाही. पर्समध्ये रोख असेल तेवढीच खरेदी करायची, आणि ती रोख त्याच दिवशी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. कार्डातून रोकड काढायची नाही, कुणी मेलं तरी. माणिकपूरला एका किराणा दुकानात कार्डाचं मशीन होतं. आम्ही महिन्यातून एकदा तिथे जायचो, मी बसने, टीचर सायकलने. दोन किलो तांदूळ, डाळ, साबण. मशीनमधून कागद सरकत बाहेर यायचा आणि टीचर तो टीव्हीवरचा कार्यक्रम बघावा तशा बघायच्या.

पहिलं बिल आलं त्यात ठळक अक्षरात "किमान भरावयाची रक्कम: दोनशे रुपये" असं होतं. टीचरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हा प्रश्न ऑप्शनला टाकायचा. कायमचा. पूर्ण रक्कम कुठे लिहिली आहे? बघ, किती बारीक टाइपात." चेक पेटीत टाकायला त्यांचा विरोध. मुदतीच्या दहा दिवस आधी काउंटरवर जायचं, शिक्का मारलेली पावती घ्यायची. बँकेतली मुलगी सांगायची, मॅडम, पेटीत टाकला तरी चालतो. टीचर सांगायच्या, "तुला चालतो. आमचा एक दिवसही चुकायला नको."

त्यांना या सगळ्यात मजा यायला लागली होती. वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या माझ्या महिन्यांचा हिशेब सांगायच्या. "सातवा चालू आहे." लोकांना वाटलं मला दिवस गेलेत. शेजारच्या दोन बायका ओटी भरायचं विचारायला आल्या, तेव्हा कुठे मी टीचरांना गप्प केलं.

चौदाव्या महिन्यात टीचर सायकलवरून पडल्या. वळणावर टेम्पो आला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे वाट दिली नाही. मी रजेवर होते. कुणीतरी सांगत आलं, मी धावले. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्या दातांवर दात दाबून पडल्या होत्या. माणिकपूरच्या हॉस्पिटलात सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, पंधरा हजार भरा, मग दाखल करतो. त्यांचा भाचा नाशिकला, यायला संध्याकाळ होणार. मिस्टर परळला. महिनाअखेर, माझ्या खात्यात तीन हजार.

समोर काउंटर होता, काउंटरला तशीच अर्धगोल खिडकी. पर्समध्ये कार्ड होतं. मला वडलांचा चेहरा दिसला नाही, त्यांच्या औषधांची चिठ्ठी दिसली. मनात आलं, पुन्हा तेच, पुन्हा इथूनच सुरू होणार. मागे स्ट्रेचरवर टीचर "बाय, पाणी" म्हणत होत्या. मी कार्ड सरकवलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी त्यांना जरा बरं वाटलं तेव्हा त्यांनी विचारलं, पैसे कुणी भरले. मी सांगितलं.

"किती?"

"पंधरा."

"विसातले पंधरा?" त्यांनी डोळे मिटले. पाय वजनाला बांधलेला, सलाइन लागलेलं, आणि त्या टक्केवारी काढत होत्या. "पंचाहत्तर टक्के. तिसरा भाग म्हटलं होतं मी."

"टीचर, तुमचं हाड मोडलं होतं."

"माझं हाड जुळेल. चौदा महिने लागलेत तुला."

भाचा आला होता. त्यांनी त्याला चावी दिली, कपाटातलं चेकबुक मागवलं. सकाळी, आत न्यायच्या आधी, आडव्या पडल्या पडल्या सही केली. सही वाकडी गेली. बँक घेणार नाही म्हणून तो चेक फाडला, दुसरा लिहिला, उजव्या हाताखाली डाव्या हाताचा आधार घेऊन. नर्स ओरडत होती. "बिल यायची वाट बघू नकोस," त्या मला म्हणाल्या. "हा माझ्या बँकेत वटव आणि आजच्या आज रोख भर."

मी चेक घेतला आणि कसंबसं म्हटलं, "मी घाबरले होते."

स्ट्रेचर हलत होतं. टीचरांनी माझं मनगट धरलं, त्यामुळे वॉर्डबॉयला थांबावं लागलं. "वडलांच्या वेळी तू हेच केलंस ना? ते चुकलं नव्हतं, बाय. तेव्हा मागून भरायला कुणी नव्हतं, एवढंच झालं."

त्यांना आत नेलं. मी बँकेत गेले, रांगेत उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत वडिलांसाठी जे रडले नव्हते ते तिथे, हातात टोकन घेऊन रडले. पुढच्या माणसाने आपला नंबर मला दिला.

तिसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा बावीस महिने भरले होते. साहेबांनी अहवाल उलटसुलट पाहिला, जुन्या थकबाकीवर बोट ठेवलं, मग पुढचे चौकोन मोजले. "त्यानंतर एकही दिवस उशीर नाही," ते स्वतःशीच म्हणाले. व्याज इतरांपेक्षा थोडं जास्त लावलं, रक्कम थोडी कमी दिली. पण दिलं.

फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी टीचर स्वतःहून आल्या. तोवर त्या काठी घेऊन चालायच्या. विरारपर्यंत बसने, तिथून रिक्षाने, आणि मग आमचे तीन मजले. लिफ्ट नव्हती. मिस्टर खाली त्यांना घ्यायला गेले तर त्यांनी हात लावू दिला नाही. प्रत्येक मजल्यावर थांबत, दर दोन पायऱ्यांनी दम घेत, त्या अर्ध्या तासाने वर पोचल्या. घरात काही नव्हतं. खुर्ची नाही, पंखा नाही, नुसत्या फरश्या आणि रंगाचा वास. त्यांनी नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, भिंतीवर हात फिरवला. मग घामेजल्या तोंडाने मला म्हणाल्या, "जरा पडू का गं?"

मी माझी ओढणी फरशीवर पसरली. पिशवी उशाशी घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या, आणि मी पाणी आणेपर्यंत त्यांना झोप लागली. गाढ, तोंड थोडं उघडं ठेवून, लहान मुलासारखी. आमच्या घरात झोपलेलं ते पहिलं माणूस. मिस्टरांनी दाराबाहेर जाऊन, खाली सामान चढवायला आलेल्या हमालांना थांबा म्हणून खूण केली. मी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि त्यांच्याजवळ बसून वारा घालत राहिले.